पाटी कुणाकडे आहे?

शिलाईच्या त्या कारखान्यात अठ्ठेचाळीस बायका कामाला होत्या आणि त्यातल्या एकीला सगळ्या उंटीण म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर मनातून बरंच वाटे. हे नाव काही तिच्या चालीवरून किंवा मानेवरून पडलेलं नव्हतं. सकाळी आठला मशीनवर बसलेली ही बाई साडेपाचला भोंगा होईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. डबासुद्धा जागेवरच खाई, तोही कोरडा. आणि पोटात पाणीच नाही म्हटल्यावर ‘जरा जाऊन येते’ असं म्हणायची वेळही तिच्यावर येत नसे.

निदान बाकीच्यांना तसं वाटे. खरं काय ते तिच्या पायांना ठाऊक होतं.

अकराच्या सुमाराला ओटीपोटात पहिली कळ येई. ती साधी असे, नुसती आठवण करून दिल्यासारखी. तिकडे दुर्लक्ष केलं की तासभर निघून जाई. दुसरी एकच्या आसपास. तेव्हा ती एक मांडी दुसरीवर दाबून बसे आणि मनाशी म्हणे, अजून वीस कॉलर, मग बघू. वीस झाल्या की आणखी वीस. तीननंतर मात्र डावा पाय आपोआप हलायला लागे, पाठीतून घाम सुटे, कुणी शेजारून काही विचारलं तरी ती खेकसे. साडेपाचला सगळ्या बायका पिशव्या आवरत असताना ही दाराबाहेर पडलेली असे. बसमध्ये जागा मिळाली तरी बसत नसे, कारण बसलं की उठताना पंचाईत. घराचा जिना चढताना धीर धरवे, पण किल्ली हातात आली रे आली की कळ दुप्पट होई आणि कुलूप नेमकं तेव्हाच हट्टाला पेटे. नवरा एकदा म्हणाला होता, “तू घरी येतेस की घरावर धाड घालतेस?”

आता कारखान्यात बायकांसाठी सोय नव्हती असं नाही. बोळाच्या टोकाला शेजारी शेजारी दोन संडास होते. त्यातल्या एकात दोऱ्याच्या रिळांची खोकी छतापर्यंत रचलेली, बाहेरून कुलूप. उरला एक. वर्षभरापूर्वी मॅनेजरनं आपल्या काचेच्या खोलीतून एकदा खाली बघितलं, त्याला एका वेळी पाच खुर्च्या रिकाम्या दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या टेबलामागच्या खिळ्याला तळहाताएवढी लाल रंगवलेली लाकडी पाटी लटकली. जिला जायचंय तिनं पाटी घेऊन जायची, आल्यावर परत अडकवायची. पाटी जागेवर नसेल तर बसून राहायचं. झालं. तेव्हापासून त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न होता, “पाटी कुणाकडे आहे?” मशीनच्या घरघरीखालून तो एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत जाई आणि उत्तर बहुधा उलट्या वाटेनं येई: “आहे कुणाकडे तरी. माझा नंबर आधी आहे.”

सुपरवायझर माणूस तसा वाईट नव्हता. वरून दट्ट्या आला की तो खाली ढकलायचा, एवढंच त्याचं काम. त्याला स्वतःला पाटी लागत नसे. पुरुषांचं काय, कारखान्यामागची भिंत होतीच. कुणी कुरकुर केली की तो उंटिणीच्या मशीनकडे बोट दाखवी. “हिच्याकडून शिका जरा. हिला काय वेगळ्या मातीची घडवलीय?” तेव्हा ती मान खाली घालून कॉलरचं टोक उलटवत असे, पण ते टोक जरा जास्तच सुबक निघे.

ही विद्या तिला घरूनच मिळाली होती. ती वाढली ती खोल्यांच्या एका लांबलचक ओळीत, जिथं अकरा बिऱ्हाडांना मिळून एक संडास होता. सात वर्षांची असताना हातात पाण्याचा डबा घेऊन ती रांगेत उभी राही, आणि कामावर जाणारी मोठी माणसं “तू काय, तुला शाळेला वेळ आहे” म्हणत पुढे घुसत. ती रडकुंडीला आली की आई दारातून ओरडे, “दम धर. दम धरला की सगळं जमतं.” तिनं तो इतका धरला की पुढं तो सोडायचा कसा हेच विसरली. थोरल्या भावंडांना जमत नसे ते आपल्याला जमतं, याचा तिला तेव्हापासून अभिमान. गरिबाघरच्या मुलीला अभिमान बाळगायला काहीतरी लागतंच. हिच्या वाट्याला हे आलं.

उन्हाळा सुरू होता होता तिच्या शेजारच्या मशीनवर एक नवी मुलगी आली; सगळ्या तिला ‘नवी’ म्हणू लागल्या. कामाला चांगली होती, कफ शिवायची. नवरा परगावी कामाला, इथं ती एकटीच एका खोलीत राहायची. अंगात कायम सैल, ढगळ कपडे. तिसऱ्या आठवड्यात ती वाकून बॉबिन उचलत होती तेव्हा उंटिणीच्या लक्षात आलं.

“तुला दिवस गेलेत?”

“हळू बोला ना ताई.” नवीनं इकडेतिकडे बघितलं. “पाचवा चाललाय. कळलं तर काढून टाकतील.”

“मग? डबल खायचं, तब्येत सांभाळायची.”

“खाण्याचं नाही हो काही. सारखं जावं लागतं. आज सकाळपासून तिसऱ्यांदा पाटी मागितली तर ते म्हणाले, तू पाटी गळ्यातच बांधून घे.” ती हसली, पण डोळे भरलेले होते. “तुम्हाला खरंच लागत नाही का हो?”

इथं उंटिणीला खरं सांगता आलं असतं. लागतं गं, जीव जातो, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो! पण ती म्हणाली, “सवय लावून घ्यायची. आठच्या पुढं घोटभरसुद्धा नाही. घसा सुकला तर ओला रुमाल ओठांना लावायचा. आणि मनात मोजत राहायचं.”

“काय मोजायचं?”

“काहीही. टाके मोज. माझ्या पोटात पोर होतं तेव्हा मीही अशीच बसले होते की. काही झालं नाही.”

नवीनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवरची पाण्याची बाटली दिसली नाही. तिच्या मांडीवर ओला रुमाल होता. उंटिणीनं तो बघितला आणि तिला, आता हे कबूल करायलाच हवं, गुरुजींना शिष्य बघून वाटतं तसं काहीतरी वाटलं.

ते पंधरा दिवस चाललं.

एका दुपारी, तीन वाजून गेले होते. पत्रा तापलेला, पंखे नुसतीच गरम हवा ढवळत होते. पाटी मागच्या ओळीतल्या एका बाईकडे होती, तिचं पोट सकाळपासून बिघडलेलं, ती जी गेली ती लवकर यायचं नाव घेईना. नवी उठून सुपरवायझरच्या टेबलाशी गेली.

“पाटी येऊ दे आधी,” तो म्हणाला.

“साहेब, मी तिथं दाराशी जाऊन उभी राहते. फारच...”

“एकीला सोडलं की दहा जणी दाराशी उभ्या. जा, बस जाग्यावर.” ती हलेना म्हणून त्यानं आवाज चढवला. “ती बघ तुझ्या शेजारची. काय उंटीण, उठलीस का सकाळपासून एकदा तरी?”

सगळ्या माना वळल्या.

“नाही साहेब,” उंटीण म्हणाली.

दोन शब्द. त्या क्षणी तिच्या स्वतःच्या ओटीपोटात दगड भरल्यासारखं झालं होतं, डावा पाय थडथडत होता. तरी आवाज कसा खणखणीत निघाला. नवी परत येऊन बसली. तिनं कफाचा नवा गठ्ठा सोडला. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग कुणाची तरी बाटली कलंडल्यासारखा आवाज आला.

खुर्चीखाली काळसर ओल पसरत गेली आणि फरशीच्या उतारानं पुढच्या ओळीकडे निघाली. नवी काही मशीन थांबवेना. सुईखाली कापड नव्हतं, तरी तिचा पाय पेडलवर दाबलेलाच होता आणि सुई रिकामीच वरखाली होत होती. आजूबाजूची मशीनं एकेक करून बंद पडली. उठलं मात्र कुणी नाही. उंटीणही नाही. तिच्या मनात आलं होतं, हात धरून पोरीला बाहेर न्यावं. पण ती स्वतः इतकी काठोकाठ भरलेली होती की उभी राहिली असती तर तिचीही तीच गत झाली असती. म्हणून ती बसून राहिली, दोन्ही मांड्या घट्ट आवळून, समोरच्या कॉलरकडे बघत.

शेवटी नवीनं स्वतःच पिशवी उचलली, ती मागून अंगाशी धरली आणि ओळीओळींमधून चालत दाराबाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिची खुर्ची मागच्या अंगणात उन्हात पालथी घालून ठेवलेली होती.

त्या दिवसापासून उंटिणीला स्वस्थता म्हणून लाभेना. घरी आली की ती उभीच. फळीवरची भांडी काढायची, परत लावायची. वाळलेले कपडे एकदा घडी घातलेले पुन्हा उलगडायचे. नवरा म्हणाला, “बूड टेकव की जरा. कुणी मागं लागलंय का?” ती म्हणाली, “काही नाही, उकडतंय.” पोळी लाटताना, केस विंचरताना, बसच्या दांडीला लोंबकळताना कानात तेच: नाही साहेब. कुणी जोरात बोललं तरी तिला वाटे आपल्यालाच विचारतायत, उठलीस का? नवीच्या खोलीचा पत्ता तिला साधारण ठाऊक होता. दोनदा त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती परत फिरली. जाऊन म्हणायचं तरी काय?

मग आजारीच पडली. आधी जळजळ झाली, ती नेहमीचीच म्हणून तिनं अंगावर काढली. मग कमरेत कळा, मग हुडहुडी भरून ताप आणि एके सकाळी लघवीतून रक्त. नवऱ्यानं उचलूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, कमी बोलणाऱ्या.

“दिवसभरात पाणी किती पिता?”

“लागेल तेवढं.”

“किती लागतं?”

नवरा तिच्याकडे बघायला लागला. बारा वर्षांचा संसार, पण हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता.

“काय काम करता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि उत्तर ऐकून नुसती मान डोलावली, जणू ते त्यांना आधीच ठाऊक होतं. “हे बघा, शरीर म्हणजे काही रांजण नव्हे, भरून झाकून ठेवायला. मूत्रपिंडापर्यंत गेलंय हे. आणखी चार-सहा महिने असंच चाललं असतं तर मी आत्ता इतकं शांतपणे बोलत नसते.”

दहा दिवस घरी. भरपूर पाणी, वेळेवर गोळ्या. तासातासाला उठून जायचं आणि कुणी अडवायचं नाही, ही चैन तिला झेपेना. दाराची कडी लावून बसली तरी वाटे, बाहेर कुणीतरी ताटकळत असेल. चटकन उठावंसं वाटे. एकदा तर ती आतूनच ओरडली, “झालंच!” घरात कुणीही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तिची दहा वर्षांची लेक शाळेतून आली ती दप्तर दारातच टाकून थेट मोरीकडे धावली. उंटिणीनं दप्तर उचललं. जड लागलं म्हणून उघडलं तर पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली, सकाळी दिली तशी.

“पाणी का नाही प्यायलीस?”

“प्यायलं की जावं लागतं,” लेक बाहेर येत म्हणाली. “आणि शाळेत संडासाच्या दाराला कडीच नाहीये. मुली दार ढकलतात. पण मला काही होत नाही आई. मी तुझ्यासारखी आहे.”

हे तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. आता आई शाबासकी देणार म्हणून ती उभी राहिली. उंटिणीनं शाबासकी दिली नाही, जवळ घेतलं नाही, ओरडलीही नाही. ती उठून खिडकीपाशी गेली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, “बाटली दे इकडे. अर्धी तू पी, अर्धी मी पिते. आत्ता. माझ्यासमोर.”

दुसऱ्या दिवशी अंगात कणकण असतानाच ती नवऱ्याला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कडीसाठी अर्ज वर पाठवलाय, मंजुरी यायचीय. नवऱ्यानं खिशातून नवी कडी आणि पेचकस काढला. “मंजुरी येईल तेव्हा ही काढा आणि ती लावा,” तो म्हणाला. चार स्क्रू. मधली सुट्टी संपायच्या आत काम झालं.

कामावर परत गेली त्या दिवशी तिनं मोठी बाटली भरून मशीनवर ठेवली. साडेनवापर्यंत निम्मी संपवली. आजूबाजूच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. सव्वादहाला तिला लागली. कळ नाही, नुसती लागली, माणसाला लागते तशी. तिनं खिळ्याकडे बघितलं. पाटी नव्हती. ती उठून बोळाकडे चालायला लागली.

“ओ! पाटी कुठाय?” सुपरवायझर ओरडला.

“आहे कुणाकडे तरी.”

“मग बस की. कुठं चाललीस?”

“लघवीला,” ती म्हणाली.

हा शब्द त्या हॉलमध्ये आजवर कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. जाऊन येते, एक नंबर, जरा बाहेर, अशी त्याची शंभर सोंगं होती. कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरचे कान लाल झाले.

“काय बोलतेस! बायका आहेत इथं.”

“म्हणूनच सांगते साहेब. बायका आहेत, मशीनं नाहीत. आणि यापुढं मला कुणाला दाखवू नका. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. मी उठत नव्हते, पण मरत होते.”

आणि ती गेली. दाराशी पाच मिनिटं उभं राहावं लागलं, पाय तेवढ्यात हलायला लागलाच, पण गेली.

कथेत अशा वेळी सगळ्या बायका ताडकन उठतात. इथं कुणी उठलं नाही. परत येऊन बघते तो तिच्या मशीनवर दुसरीला बसवलेलं, आणि तिची रवानगी मागच्या टेबलावर, लोंबणारे धागे कापायला. हातात कात्री, समोर शर्टांचा ढीग, बसायला स्टूल. हे काम नव्या पोरींचं किंवा नजर गेलेल्या म्हाताऱ्यांचं. जाता-येता कुणी तिच्याशी बोलेना. एक जण तर म्हणाली, “तुझ्यामुळं आता पाटीचा वेळही लिहून ठेवतात. बसली असतीस गप्प!” त्या दिवसांत घरी येताना तिला वाटे, आपण हे कुणासाठी केलं? जिच्यासाठी करायला हवं होतं ती तर गेली.

पण कॉलर म्हणजे काही गंमत नसते. दोन्ही टोकं सारखी यावी लागतात, नाहीतर अख्खा शर्ट तिरळा दिसतो. तिच्या जागी बसवलेलीला ते साधेना. मग दुसरी बसवली, मग तिसरी. मागच्या टेबलावर धागे कापताना तिला ते रोज दिसे: डावं टोक वर, उजवं खाली. तिचे हात शिवशिवत, पण ती बोलली नाही. तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाकडून शर्टांची पूर्ण गाडी परत आली. त्याच दिवशी दुपारी मॅनेजरनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

“उद्यापासून तुमच्या जागेवर बसा,” तो म्हणाला.

“बसते. बोळातल्या दुसऱ्या दाराचं कुलूप काढा.”

“तिथं दोऱ्याचा स्टॉक आहे.”

“मग कॉलर त्या स्टॉकलाच शिवायला सांगा.”

मॅनेजर बराच वेळ पेन आपटत राहिला. काचेखाली हॉलमध्ये सगळी मशीनं चालू होती, पण माना वर होत्या. मग दारावर टकटक झालं. मागच्या ओळीतली ती पोट बिघडलेली बाई आत आली, तिच्या मागं आणखी दोघी. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. कुणी पदर पिळत होती, कुणी पायांची चाळवाचाळव करत होती. घाबरून की लागली होती म्हणून, देव जाणे.

संध्याकाळपर्यंत खोकी निघाली. पाटी मात्र गेली नाही. एकीच्या जागी दोन पाट्या झाल्या, इतकंच.

पुढच्या रविवारी ती नवीच्या गल्लीत गेली आणि या वेळी मागं फिरली नाही. दार नवीनंच उघडलं. पोट आता चांगलं पुढं आलेलं. खोलीत एक मशीन, बाजूला स्टुलावर उशांच्या खोळींची चवड. ती घरीच शिवून देत होती. तिनं बसा म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

उंटीण उभ्याउभ्याच बोलली. “माझं चुकलं. तुला भलतं शिकवलं, आणि त्या दिवशी तोंडही भलतं उघडलं.”

“तुम्ही उठला असतात ना,” नवी म्हणाली, “नुसत्या उठून उभ्या राहिला असतात, तरी मला चाललं असतं.”

“उठता येत नव्हतं गं. मलाही लागली होती. उठले असते तर तिथंच...”

नवी तिच्याकडे बघत राहिली. आधी तिला खरं वाटेना. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. “तुम्हाला? उंटिणीला?”

“रोज.”

“अगं बाई!” नवी खुर्चीवर बसली. ती हसतेय की रडतेय हे काही केल्या कळेना, आणि उंटीण दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं नवीनं डोळे पुसले. “दुसरं दार उघडलं म्हणे. कळलं मला.”

“हो. दोन झाले आता. तू येशील का परत? मी बोलते.”

“अठ्ठेचाळीस जणींना दोन?”

“तू आलीस तर.”

“नको ताई,” नवी म्हणाली. “इथं मला कुणाला विचारावं लागत नाही.” मग तिनं खोळींची चवड उचलून पलंगावर ठेवली आणि स्टूल मोकळं केलं. “बसा आता. किती वेळ उभ्या राहाल?”